पॉपकॉर्नचा कौल

नवा सिनेमा लागला की चाळीतल्या सगळ्या बायका आधी मावशींना गाठायच्या. मावशी सिनेमागृहात झाडू मारायच्या आणि त्यांचं मत कधी म्हणजे कधी चुकायचं नाही. खरं तर वीस वर्षांत त्यांनी एकही सिनेमा पाहिला नव्हता. पण खेळ सुटल्यावर खुर्च्यांखाली पॉपकॉर्नचे टब अर्धे भरलेले सापडले, की लोक खायचं विसरले, म्हणजे सिनेमा झकास. टब चाटूनपुसून साफ असले, म्हणजे बिचारे नुसते बसून कंटाळले.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या हातात तिकीट ठेवलं. "मावशी, आज झाडू राहू द्या. आरामात बसून बघा." मावशींनी मऊ खुर्चीत अंग टाकलं, दुखरे गुडघे लांब केले. अंधार झाला तसा त्यांचा डोळा लागला, तो दिवे लागल्यावरच उघडला.

घरी पोचायच्या आत शेजारणीने जिन्यात अडवलंच. "काय मावशी, आज तर खुर्चीत बसून पाहिलात म्हणे! कसा आहे?"

मावशी कठडा धरून पुढची पायरी चढल्या.

"मला काय विचारतेस बाई? आज झाडायला दुसरी होती, तिला विचार."