तीन ठोके

सगुणाने लोखंडी दारावर तीन ठोके दिले आणि कान लावला. आतून तीन ठोके परत आले.

"जिती हाय," ती म्हणाली.

वीज जाऊन वीस मिनिटं झाली होती. अंधेरीच्या त्या कोळंबीच्या कारखान्यात बाहेर मे महिन्याचा उकाडा, आणि आत, बर्फाच्या खोलीत, मंजुळा. घामाने भिजलेल्या लुगड्यानिशी ती खोकी रचायला गेली होती. वेसाव्याहून येणाऱ्या या कोळणींनी आपसात एक नियम केला होता: आत एक, दारात एक. दहा मिनिटं झाली की दारातलीने दार उघडायचं आणि आतलीने बाहेर उन्हात येऊन बसायचं. नियम त्यांनाच करावा लागला, कारण आतली कडी गणपतीत तुटली होती आणि ती बसवायला कोणाला सवड झाली नव्हती. जाड कोट एकच होता. माल बघायला आलेल्या जपानी पाहुण्याने तो एकदा घातला, तेव्हापासून तो मॅनेजर श्यामसुंदर साहेबांच्या कपाटात बंद होता. बायकांनी घातला तर कोटाला मासळीचा वास लागतो म्हणे. कोळंबीच्या कारखान्यात!

आता दारासमोर मुकादम भिकाजी स्टूल टाकून बसला होता, कडीला पाठ लावून.

"दार उघड, भिकाजी."

"सायब बोललो, लाईट येयसर दार उघडूचा नाय. थंडी भायर जायत, माल बिघडात."

"आत माणूस हाय!"

"माका म्हायत आसा. पन माजी नोकरी जायत, बाये."

सगुणाने पुन्हा तीन ठोके दिले. बऱ्याच वेळाने दोन आले. ते भिकाजीनेही ऐकले. तो आपल्या चपलांकडे बघत बसला.

सगुणा ऑफिसकडे धावली. साहेब वीज कंपनीला फोन लावत होते. दुसऱ्या हातात अत्तराचा रुमाल, नाकाला धरलेला.

"तिला म्हणावं, आत फिरत राहा. हालचाल केली की थंडी बाधत नाही," ते म्हणाले. "आणि तू पायरीच्या खाली उभी राहा."

असल्या माणसाचा राग येत नाही. किळस येते.

सगुणा परत आली. ठोके दिले. काही नाही. पुन्हा दिले, मुठीने, मग कोपराने. तेव्हा एक ठोका आला, पार खालून, जमिनीलगत.

भिकाजी उठला, स्टूल उचललं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सगुणाने कडी ओढली. पांढऱ्या धुक्याबरोबर मंजुळा बाहेर कोसळली. दोन्ही मुठी आवळलेल्या, उघडता उघडेनात. ठोके देऊन बोटांच्या पेरांची सालं निघाली होती. सगुणाने तिला पोटाशी धरलं, पदरात गुंडाळलं.

"बोल गो, मंजुले. काय तरी बोल."

मंजुळाचे दात तेवढे वाजत होते.

दार उघडल्याचा आवाज ऐकून साहेब धावत आले. मंजुळाचे पाय वाटेत होते, ते ओलांडून ते आत गेले आणि वरच्या खोक्यावर तळवा टेकला.

"गार आहे," ते म्हणाले. "वाचलो!"

ते बाहेर येईपर्यंत सगुणा उठली होती. तिने मंजुळाला धरून उभं केलं, तिचा हात उचलला आणि साहेबांच्या गालावर टेकवला.

"हा पन बघा, सायब. गारच हाय."

साहेब दचकून मागे सरले. रुमालाने त्यांनी गाल खसाखसा पुसला. मग रुमाल नाकाशी नेला आणि वास लागला का ते हुंगून पाहिलं.