सात नाणी, एकच खाच

सातव्या नाण्यावरही तीच खाच होती. राजाच्या कानाखाली, तिळाएवढी, डावीकडे कललेली. पारख्याने भिंग खाली ठेवलं आणि बोटं फडक्याला पुसली. चांदीला कसला आलाय वास? तरी त्याला किळस आली, दुसऱ्याच्या उष्ट्यात हात पडावा तशी.

समोर धाकटा भाऊ पाय हलवत बसला होता. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक थांबलं होतं. पारख्याच्या सहीचा दाखला मिळाला की सातही नाणी उचलायला एका पायावर तयार.

"झालं का, दादा?"

"नाणी पाडायच्या ठशाला तडा गेला तर त्या ठशाच्या सगळ्या नाण्यांवर सारखी रेघ उठते, फुगीर. बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलंय. पण ही खाच आहे, आत गेलेली. नाणं आपटलं की पडते, आणि प्रत्येक नाणं आपापलं आपटतं. ही सातही एकाच जागी आपटली का रे?"

धाकटा नुसता हसला. कोडगा मेला.

ही खाच पारखी जन्मात विसरला नसता. नऊ वर्षांचा असताना बाबांचं नाणं त्याच्याच चिमट्यातून फरशीवर पडलं होतं. राजाच्या कानाखाली खाच पडली आणि त्याच्या कानाखाली बाबांची पाच बोटं उठली. वाटण्यांच्या वेळी ते नाणं धाकट्याने हट्टाने मागून घेतलं. कशाला, ते आता कळलं. त्यावरून साचा काढून पठ्ठ्याने सात पिल्लं ओतली होती, आणि ती खरी ठरवून घ्यायला भावाच्याच टेबलावर आणली होती. बापाची आठवणसुद्धा सोडली नाही.

"उचल हे. शिसारी येते तुझी."

धाकटा उठला नाही. "आज शिसारी? मागच्या वर्षी चार आणली, तेव्हा मुकाट सही केलीस की. हीच खाच होती त्यांच्यावर. मला वाटलं, दादाला कळलंय, पण घरचा मामला म्हणून सोडून दिलंय. त्या जोरावरच तर ही ओतली."

मागच्या वर्षी पारख्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. भिंगातून नुसतं धुकं दिसायचं. लोक यायचे थांबतील म्हणून त्याने बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. ऑपरेशन होईपर्यंत अंदाजपंचे सह्या ठोकत राहिला होता. मघाची किळस आता त्याला स्वतःच्याच उजव्या हाताची आली.

"ती चार कुणाला दिलीस?"

"यालाच, बाहेर बसलाय त्याला. म्हणून तर परत आलाय. तुझ्या सहीवर डोळे झाकून विश्वास आहे त्याचा."

धाकट्याने दाखल्याचे कोरे कागद पुढे सरकवले, वर पेन ठेवलं. "आता उगाच साव बनू नकोस, दादा. चार तर गेलीच आहेत."

पारखी उठला. कागद तिथेच राहिले. त्याने दार उघडलं.

"या आत," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "नाणी दाखवतो. पण आधी आम्हा दोघा भावांना नीट बघून घ्या. खोटी ओतणारा हा, आणि दिसत नसताना तुमची मागची चार खरी म्हणणारा मी."