चेहरा तुमचा, आवाज तिचा

पडद्यावर जागृतीचे ओठ हलत होते आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. गुळगुळीत, परदेशी वळणाचा. हात तिचे, साडी तिची, मुलांकडे बघून हसणंही तिचं.

जितेंद्र सरांनी लॅपटॉप थांबवला. वालीवच्या कारखान्यांमागे नव्याने उभ्या राहिलेल्या शाळेचे ते ट्रस्टी. ॲडमिशनच्या जाहिरातीसाठी त्यांनी गेल्या आठवड्यात जागृतीच्या तिसरीच्या वर्गाचं शूटिंग करून घेतलं होतं.

"मस्त झालंय ना? चेहरा तुमचा, आवाज हिचा. जाहिरातींना आवाज देते ही, अनुष्का."

शेजारच्या खुर्चीतली मुलगी संकोचून हसली.

"माझा आवाज का काढला, सर?"

"आवाज छानच आहे हो. प्रश्न ॲक्सेंटचा आहे." सर अगदी मवाळपणे बोलत होते. "तुम्ही शिकवता उत्तम, त्यात वाद नाही. पण पालक पोराला इथे कशाला घालतात? त्याचं इंग्लिश आपल्यासारखं होऊ नये म्हणून. तुमचं ऐकलं की लगेच कळतं, चांदीप गावच्या बाई आहेत."

"मी चांदीपचीच आहे."

"तेच म्हणतोय मी."

जागृतीने पडद्याकडे पाहिलं. तिथे तिचं तोंड उघडं राहिलं होतं, कुठल्याशा शब्दाच्या मध्येच.

"आमच्या घरी पानी म्हणतात, सर. शाळेत गेले तेव्हा वर्ग हसला, म्हणून मी पाणी म्हणायला शिकले. आता घरी गेले तरी तोंडात पाणीच येतं. बाबा तांब्या पुढे करतात, पाहुण्याला द्यावा तसा. एकदा बदलली मी जीभ. आता पुन्हा नाही बदलणार."

"अहो, जीभ कोण बदलतंय? साधी जाहिरात आहे ती."

"मग माझा चेहरा काढा."

सर लॅपटॉप बंद करत म्हणाले, "जूनमध्ये तुम्हाला पर्मनंट करायचं चाललंय. लक्षात आहे ना?"

"आहे, सर. चेहरा काढा."

बाहेर कॅमेरावाला उरलेल्या शूटिंगसाठी येऊन थांबला होता. त्याला रिकामा परत पाठवणं सरांना परवडणारं नव्हतं. ते उठले. "ठीक आहे. अनुष्का, तूच उभी राहा फळ्यासमोर. वर्ग तोच, मुलं तीच. जागृती टीचर, तुम्ही मागे बसा. मुलं दंगा करणार नाहीत एवढं बघा."

जागृती शेवटच्या बाकावर बसली. बाक लहान होता, गुडघे वर येत होते. मुलं वळून वळून तिच्याकडे बघत होती. तिने बोटाने त्यांना समोर बघायला सांगितलं.

अनुष्काने भोपळ्याचं चित्र वर धरलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

"रिपीट आफ्टर मी. वेज्टबल."

"व्हे-जि-टे-बल," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

कॅमेरावाल्याने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा.

"वेज्टबल," अनुष्का सावकाश म्हणाली.

"व्हे-जि-टे-बल," मुलं तिच्याहून सावकाश म्हणाली. तिला समजत नसेल तर समजावं म्हणून.

तिसऱ्या वेळी पहिल्या बाकावरच्या उन्नतीने हात वर केला.

"टीचर, तुमची मधली अक्षरं राहतायत."

कोणी हसलं नाही. या वर्गात कुणाचं अक्षर राहिलं तर त्याला ते सांगायचं असतं, एवढंच उन्नतीला ठाऊक होतं.

जितेंद्र सर दाराशी उभे होते. ते बाकांच्या कडेने मागे आले आणि जागृतीपाशी वाकले. "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतात ती. ही म्हणते तसं म्हणा म्हणावं. एवढं करा, मग जूनचं मी बघतो."

जागृती उठली. पदर सारखा करत ती फळ्यापाशी गेली. अनुष्का बाजूला सरकली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "सॉरी, टीचर. मी नालासोपाऱ्याची आहे. घरी मीही तुमच्यासारखंच बोलते."

"मग जाऊ नकोस," जागृती म्हणाली. "इथेच थांब."

तिने वर्गाकडे तोंड केलं. चाळीस चेहरे तिच्याकडे वळले होते. त्यांच्या मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून, जितेंद्र सर उभे होते. ते मान डोलावत होते, हं, सांगा.

"उन्नतीचं बरोबर आहे," जागृती म्हणाली. "एकही अक्षर गिळायचं नाही. आता पुन्हा म्हणा. रस्त्यावर ऐकू गेलं पाहिजे."

मुलांनी छाती भरून श्वास घेतला.

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा अनुष्काचा आवाज त्यांच्यात मिसळला होता. तिसऱ्यांदा कुणाला सांगावं लागलं नाही.

"बंद कर ते," जितेंद्र सर कॅमेरावाल्याला सांगत होते. त्याला ऐकू येत नव्हतं.