सुतकाची चटई

वावाऊ बेटावरच्या इस्पितळात नर्स लोसालिनेने तिथल्या पद्धतीप्रमाणे कमरेला बांधलेली सुतकाची चटई सोडून ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खुंटीला टांगली. सिझेरियनचे टाके पिकून धाकटी बहीण गेली, त्याला महिनाही झाला नव्हता. आत टेबलावर अडलेली बाई होती. डॉक्टर फिफितांनी रिवाजाप्रमाणे प्रार्थना केली, सगळे ‘आमेन’ म्हणाले आणि त्यांनी सुरीसाठी हात पुढे केला. “आधी अँटिबायोटिक,” लोसालिने म्हणाली. “नाळ कापल्यावर देतोच की. वीस वर्षं तसंच देतोय.” “आता चिरण्याआधी द्यायचं ठरलंय.” “ठरवणाऱ्यांचं काय जातंय! प्रार्थना केली ना? देवावर भरवसा नाही का तुझा?” “आहे. बहिणीसाठीही इथंच प्रार्थना केली होती, डॉक्टर. मग तुम्ही असाच हात पुढे केलात आणि मी गुमान सुरी दिली.” डॉक्टरांची नजर दाराच्या काचेपलीकडच्या चटईवर गेली. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.