ऐन थंडीत चालू एसी

"गौतमी, सेटिंगला हात लावलास?" बेसमेंटमधून वर येत शंतनू बायकोवर खेकसला. "उणे दोन म्हणजे अमेरिकेत काही फार थंडी नाही. एवढ्या थंडीत हीट पंपच घर तापवतो. त्याला झेपणार नाही इतका गारठा पडला, तरच गॅसची फर्नेस लागते. इथे पंप बंद, आणि फर्नेस कालपासून धडधडतेय!"

"हीट पंप म्हणजे रे कुठला?" पोळी लाटता लाटता त्याच्या आईनं, प्रमिलाबाईंनी, विचारलं.

"मागच्या अंगणातलं मशीन. दिसतं एसीसारखं, पण हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणतं."

लाटणं जागीच थांबलं. काल बर्फात गरगरणारा तो पंखा बघून त्यांनी कपाळावर हात मारला होता. ऐन थंडीत एसी चालू! तशाच बाहेर जाऊन त्यांनी भिंतीवरचा खटका खाली ओढला होता. वर सांगलीला बहिणीला फोन करून हसल्याही होत्या, "आमच्या सूनबाईंना बटणं बंद करायचं वळणच नाही गं."

आता त्या मान खाली घालून पुन्हा पोळी लाटू लागल्या.

"माझ्याकडूनच बंद झालं असेल," गौतमी म्हणाली. "लावून येते."

बूट चढवून ती मागच्या दारानं बाहेर पडली. प्रमिलाबाई खिडकीशी गेल्या. दारापासून खटक्यापर्यंत बर्फात त्यांच्याच सपातांचे ठसे स्वच्छ उमटले होते.

परत येताना सून एकेका ठशावर आपला बूट नीट दाबत होती.