अडीच तासांचा झेंडा

"काठी सरळ धर गं, सगळं एका अंगाला चाललंय," बॉबिन म्हणाली.

मास्तरणीने काठी सरळ धरली. तिघी मैत्रिणी रविवारी दुपारी बॉबिनच्या शिवणाच्या खोलीत जमायच्या आणि घरासाठी काहीबाही करायच्या. कधी लॅम्पशेड, कधी उशांचे अभ्रे. एकदा पायपुसणं केलं, ते इतकं देखणं झालं की त्यावर पाय ठेवायला कुणी धजेना. आज भिंतीवर लावायची शोभेची वस्तू करायची होती. लाकडी काठीवरून सुती दोऱ्या सोडलेल्या, दोऱ्यांना गाठी, आणि मधोमध एक कापडी झेंडा. त्यावर ठसठशीत आकडे: २:३०.

झेंडा मास्तरणीचा होता. ती शाळेत गणित शिकवायची, आणि मागच्या रविवारी शहराच्या हाफ मॅरेथॉनमध्ये पेसर होती. पेसरने जिंकायचं नसतं. हातात झेंडा घेऊन एका संथ लयीत पळायचं आणि झेंड्यावरच्या वेळेलाच पोहोचायचं, म्हणजे मागोमाग पळणारी मंडळीही त्या वेळेत पोहोचतात. बॉबिन तिच्या मागे होती. बॉबिन म्हणजे टेलर. शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी बुटकी, गोल, दिवसभर गरगर फिरणारी, म्हणून हे नाव. ते ठेवलं होतं सिस्टरने, म्हणजे तिसरीने. ती इस्पितळात नर्स होती आणि नावं ठेवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

"झेंडा धुतला, इस्त्री केली," बॉबिन म्हणाली. "हे तुझ्या दिवाणखान्यात लावायचं. दारातून आत आलं की समोर दिसलं पाहिजे."

"कशाला एवढं?"

"कशाला म्हणजे? तू केलंस ना! मला नाही जमलं, तर निदान मैत्रिणीचं तरी कौतुक करू दे."

मास्तरणीने मारलेली गाठ सोडली आणि पुन्हा मारली. पुन्हा चुकली.

"मग पुढची शर्यत कधी?" सिस्टरने बॉबिनला विचारलं.

"कानाला खडा. बूट भाचीला देऊन टाकले."

"अगं, पहिलीच तर होती!"

"सहा महिने पहाटे उठले मी. एकच करायचं होतं, हिच्या मागे राहायचं. सोळाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत असे गोळे आले की फूटपाथवर बसले. पाणी देणारा माणूस म्हणाला, काकू, झेपत नाही तर कशाला पळता?" बॉबिनने दातांनी दोरा तोडला. "खरंच बोलला. माझेच पाय कच्चे."

मास्तरीण दोऱ्यांच्या गाठी मोजू लागली. सांगायचं ते आठवडाभर तिने सांगितलं नव्हतं.

झेंडे वाटले तेव्हा तिने दोन-वीसचा, म्हणजे जास्त वेगाचा, मागितला होता. तो मिळाला तिच्याच शाळेतल्या खेळाच्या नव्या बाईंना. दहाव्या किलोमीटरला, रस्ता परत फिरतो तिथे, त्या समोरून आल्या, गोड हसल्या, आपला झेंडा हलवला आणि निघून गेल्या. त्यानंतर आपले पाय आपोआप सुटले, असं मास्तरीण स्वतःला समजावत होती. पण पाय आपोआप सुटत नाहीत. तिला पुरतं कळत होतं. मागची पावलं एकेक करून कमी होत गेली, तीही तिला ऐकू येत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. शेवटच्या कमानीखाली लोक टाळ्या वाजवत होते, आणि ती चक्क हसली होती. ते हसू आठवलं की तिला आता अंगावर झुरळ चढल्यासारखं व्हायचं.

बॉबिनने झेंड्याच्या कडेला बारीक, सुबक टाके घालायला सुरुवात केली. असे टाके ती फक्त लग्नाच्या कपड्यांना घालायची.

"नको शिवूस," मास्तरीण म्हणाली.

"का? रंग नाही जुळत?"

"मी अडीच तासांत नाही पोहोचले." तिने काठी खाली ठेवली. "दोन चोवीसला पोहोचले. दहाव्यापासून दर किलोमीटर बत्तीस सेकंद कमी वेळात पळाले मी. त्या खेळाच्या बाईंना गाठायचं होतं. तुझे पाय कच्चे नव्हते गं. मी तुला ओढत नेलं आणि टाकून गेले. मला लाज वाटते."

सिस्टरच्या तोंडून एरवी एखादा टोमणा निघाला असता. तिने खाली बघून दोऱ्यांची टोकं सारखी करायला घेतली.

बॉबिनची सुई अर्ध्या टाक्यात थांबली होती.

"मला दिसत होतं," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"वेळ. माझ्या मनगटावरच्या घड्याळात. आपण ठरल्यापेक्षा जोरात चाललोय, असं ते सारखं दाखवत होतं."

"मग ओरडली का नाहीस मला?"

"मला वाटलं, घड्याळ बिघडलं." बॉबिन अजून झेंड्याकडेच पाहत होती. "बुधवारी घड्याळवाल्याकडे दुरुस्तीला घेऊन गेले. त्याने उघडून पाहिलं, म्हणाला, काकू, हे चोख चालतंय. मी भांडले त्याच्याशी. भर दुकानात. म्हटलं, तुला काय कळतंय, तिच्या हातात झेंडा होता."