वीस मिनिटं

"आई, हे डबडं अजून पहिल्याच फोल्डरवर रखडलंय!" ऋत्विज दर दिवाळीत करवादायचा. सुमतीबाईंना ते गोड वाटायचं. त्याच्या बाबांच्या स्टुडिओतले फोटो जुन्या कॉम्प्युटरमधून उतरवायला चार दिवस लागायचे, तरी थोडे पुढच्या वर्षाला उरायचेच. तेवढे दिवस लेक घरी राहायचा.

गेल्या वर्षी त्याने फोटो झटपट उतरवणारी वायर पाठवली. ती त्यांनी तांदळाच्या डब्यात दडवली आणि मिळालीच नाही म्हणून सांगितलं.

यंदा त्याने जुनी डिस्कच काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. वीस मिनिटांत सगळे फोटो उतरले. गॅसवरची बासुंदी अजून आटायची होती.

"राहाल ना चार दिवस?" सुमतीबाईंनी विचारलं.

ऋत्विज वायर गुंडाळत राहिला. सुनेने मोबाइलवरून मान वर केली.

"आई, हा फोटोंसाठीच यायचा. आता आम्ही येणार नाही."